पिंपातलं पाणी

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं, आणि माझं काम तर सगळं बसून राहण्याचंच होतं.

नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. पुण्याहून एम.एस्सी. करून आले होते आणि तिथल्याच एका सरांकडे पीएच.डी.साठी नाव घातलं होतं. विषय होता सेंद्रिय द्रवांची घनता आणि विष्यंदिता निरनिराळ्या तापमानांना मोजण्याचा. माझे वडील घोडेगावला शाळामास्तर होते. त्यांनी एकदा विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस तू?"

"काही द्रव सावकाश वाहतात, काही भराभर. तापवले की सगळेच पातळ होतात. ते मोजते."

"तापवलं की तूप पातळ होतं हे तुझ्या आईलाही ठाऊक आहे."

"किती पातळ होतं ते ठाऊक नाही ना तिला."

वडील हसले आणि पुन्हा म्हणून त्यांनी विचारलं नाही.

काम दिसायला सोपं होतं. काचेच्या मोठ्या हंडीत पाणी, त्यात विजेचा हीटर आणि पाणी ढवळणारा पंखा, आणि पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की हीटर आपोआप बंद करणारं एक यंत्र. त्या पाण्यात इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली एक काचेची नळी उभी धरायची. तिच्या एका बाजूला केसाएवढी बारीक वाट असते. द्रव वर ओढून घ्यायचा आणि सोडायचा. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचवर धरायचा. मग पुन्हा. मग पुन्हा. तीन वेळा सारखाच वेळ आला की पुढचं तापमान. तीस अंश, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. घनतेसाठी निराळी कुपी होती. ती भरून त्याच पाण्यात ठेवायची, पुसायची आणि वजन करायचं. हात ओला असला तरी आकडा बदले. जोरात श्वास सोडला तरी तराजूचा काटा हले.

माझा मात्र पाय सारखा हलत असे. द्रव उतरत असताना मी खिडकीशी जाई, परत येई. काही होत नव्हतं आणि सगळं व्हायचं राहिलं होतं. सरांनी सांगून टाकलं होतं, "जूनमध्ये मी निवृत्त होतोय. त्याआधी तक्ते माझ्या हातात हवेत. पुढे तुम्हाला कोण वाली मिळेल, मला माहीत नाही."

आणि बाहेर दुष्काळ होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. शहरात नळाला पाणी एकाआड एक दिवस आलं तर यायचं. घोडेगावच्या बाजारात जनावरं विकायला आणणारे खूप आणि घेणारं कोणी नाही, असं वडील सांगत. लोक रस्त्यांच्या कामांवर खडी फोडत होते आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खात होते. आमच्या कॉलेजच्या भिंतीमागच्या पडीक जागेत अशाच खडीच्या कामावर आलेल्या कुटुंबांनी पालं ठोकली होती. बहुतेक जण जामखेडकडचे, खर्ड्याच्या आसपासचे.

प्राचार्यांनी माझ्यावर एक अट घातली होती. वर्ग सुटल्यावर बाईमाणसानं प्रयोगशाळेत एकटीनं थांबायचं नाही. म्हणून माझी आत्या सोबतीला यायची. तिनं लग्न केलं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढून ती निवृत्त झाली होती आणि मी तिच्याकडेच राहत होते. दुपार झाली की ती लोकरीची पिशवी घेऊन यायची, दाराजवळच्या स्टुलावर बसायची आणि विणायची. माझ्या येरझारा बघून एकदा म्हणाली, "पोरी, अगं त्या नळीला घाई नाही, मला घाई नाही. तुलाच कसली गं?"

मोजण्याआधी प्रत्येक द्रव शुद्ध करावा लागे. बेंझीन, टोल्युइन, ब्युटाइल अल्कोहोल, जे असेल ते चंबूत उकळायचं, वाफ एका लांब काचेच्या नळीतून न्यायची आणि थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. ती नळी थंड राहावी म्हणून तिच्याभोवती काचेचाच दुसरा नळा असतो आणि त्यातून नळाचं पाणी सतत वाहतं ठेवतात. हे पाणी त्या द्रवाला कुठं शिवत नाही. एका तोंडानं येतं, थोडं कोमट होऊन दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतं. कॉलेजला स्वतःची विहीर होती, तिला अजून थोडं पाणी होतं, म्हणून हे चालू शकत होतं.

आत्या दोन दिवस ते बेसिनमध्ये पडणारं पाणी बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हे कुठं जातं?"

"गटारात."

दुसऱ्या दिवशी तिनं शिपायाकडून एक रिकामं पिंप धुऊन घेतलं, खिडकीबाहेर ठेवलं आणि माझी रबरी नळी बेसिनमधून काढून त्या पिंपात सोडली. संध्याकाळी भिंतीच्या पडलेल्या भागातून पालांवरच्या बाया हंडे घेऊन आल्या. पहिल्यांदा त्या लांबच उभ्या राहिल्या.

"औषीद न्हाई ना त्यात?" एका म्हातारीनं विचारलं.

आत्यानं तांब्या बुडवला आणि त्यांच्यादेखत घटाघटा पाणी प्याली. मग मीही प्याले. त्यानंतर रोज बाया यायला लागल्या. म्हातारीबरोबर तिची सून यायची. तिला दिवस गेलेले होते, पोट दिसायला लागलं होतं. आत्या तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायची, पायावर बोट दाबून बघायची आणि तिला मुठीनं शेंगदाणे द्यायची. मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या कामाचा कोणाला तरी काही उपयोग होतोय. बऱ्याच दिवसांनी मी त्या आठवड्यात शांत झोपले.

मग ती दुपार आली. वर्ग सुटले होते. एका टेबलावर बेंझीन उकळत होतं आणि दुसऱ्या टेबलाशी मी चाळीस अंशांवर अल्कोहोलचा वेळ धरत होते. मध्येच विहिरीवरून भरणाऱ्या टाकीचं पाणी थांबलं. मला ते कळलं नाही, कारण माझे डोळे नळीतल्या खुणेवर होते. थोड्या वेळानं पाणी पुन्हा आलं, ते तापलेल्या काचेत गार पाणी शिरल्याच्या फुसफुशीनं कळलं. मी बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. म्हणून परत नळीकडे वळले.

पुढचं मोजून होईपर्यंत अर्धाएक तास गेला असेल. बेंझीन किती जमलं ते बघायला गेले तर बाटली जवळजवळ भरली होती. इतक्या वेळात इतकं जमायला नको होतं. बाटली उजेडात धरली. बेंझीन पाण्यासारखं नितळ असतं. हे दुधाळ होतं आणि तळाशी एक वेगळा थर बसला होता.

तळाशी पाणी होतं. आतली नळी तडकली होती. इतकी बारीक चीर की बोट फिरवल्यावर नखाला लागली, डोळ्याला दिसली नाही.

पाणी बेंझीनमध्ये गेलं होतं. मग बेंझीन पाण्यात गेलं नसेल कशावरून? खिडकीबाहेर बघितलं. पिंप निम्मं झालं होतं.

"आत्या, कोणी पाणी नेलं का आज?"

"म्हातारीची सून आत्ताच एक हंडा घेऊन गेली. तिच्यामागून ती ठेंगणी बाई. का गं?"

मी चंबूखालचा दिवा विझवला आणि धावले. भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेले तेव्हा पदर काटेरी तारेत अडकला तो तसाच ओढून काढला. ठेंगणीनं पाणी भांडी घासायला घेतलं होतं. मी तिचा हंडा उचलून जमिनीवर ओतला. ती आ करून बघत राहिली. दुष्काळातल्या त्या मातीनं पाणी क्षणात पिऊन टाकलं आणि नुसता काळा डाग राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हातारीच्या पालात सून तांब्या खाली ठेवत होती. ओठ ओले होते.

"प्यालीस?"

"व्हय. का?"

"किती?"

तिनं तांब्या दाखवला. रिकामा होता.

मागून आत्या आली. तिला धाप लागली होती. मी तिच्याकडे बघितलं. आत्या खाली बसली, सुनेचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हिच्या काचेचं भांडं फुटलं. त्यातलं औषध पाण्यात मिसळलं असेल, नसेलही. म्हणून ते पाणी कोणी प्यायचं नाही."

"इख हाय का?" म्हातारीनं विचारलं.

मी म्हणाले, "जास्त पोटात गेलं तर वाईट असतं. यात गेलं असलंच तर थोडं गेलं असेल."

"पन पेली न्हवं ही. तिला काय व्हईल ते सांगा. तिच्या पोटातल्याला काय व्हईल?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. मग हंड्यातलं उरलेलं पाणी म्हातारीच्या पुढ्यात धरून मी विचारलं, "आजी, याला कसला वास येतोय का? माझं नाक त्या वासाला सरावलंय. मला कळायचं नाही."

तिनं वाकून वास घेतला. "पान्याला पान्याचाच वास हाय," ती म्हणाली.

मी तो हंडाही ओतला. सून मान खाली घालून बघत होती. परत येऊन आत्यानं आणि मी सगळं पिंप आडवं केलं. भिंतीपलीकडे बाया उभ्या होत्या. पाणी उताराकडे वाहत गेलं आणि त्या बघत राहिल्या. पिंप आडवं करण्याआधी मी त्यातलं एक बाटलीभर काढून ठेवलं होतं.

आत्या सुनेला घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, रक्त घेतलं आणि काही दिसत नाही म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, "एवढ्याशानं काही व्हायचं नाही असं मला वाटतं. पण छातीठोकपणे सांग म्हणशील तर ते मला सांगता येणार नाही. बाळंत होईपर्यंत दर पंधरवड्याला आणा."

बाळंतपणाला तीन महिने होते.

त्या तीन महिन्यांत मी जशी वागले तशी पुन्हा कधी वागले नाही. जेवताना उठायचे. वर्गात शिकवताना वाक्य अर्धं सोडायचे. प्रयोगशाळेत तर सगळ्यात वाईट. ती बाटली कपाटात होती. दुसऱ्याच दिवशी मी त्या पाण्याची घनता मोजली आणि नळाच्या पाण्याची मोजली. दोन्ही आकडे सारखे आले. साहजिक होतं. बेंझीन पाण्यात इतकं कमी विरघळतं की माझ्या तराजूला ते कळणंच शक्य नव्हतं. तरी मी पस्तीस अंशांना मोजली, चाळीसला मोजली, पंचेचाळीसलाही मोजली. मग विष्यंदिता. नळी धुवायची, वाळवायची, पिंपातलं पाणी भरायचं, वेळ धरायचा. नळाचं पाणी भरायचं, वेळ धरायचा. सारखेच. चौथ्या दशांशापर्यंत मोजता येतं याचा मला केवढा अभिमान होता, आणि एका बाईच्या तांब्यात काय होतं एवढं काही मला त्यावरून कळेना.

सुरुवातीला बाया माझ्याशी बोलत नव्हत्या. टँकर आला की रांगेत उभ्या राहत आणि मी दिसले की मान फिरवत. आत्या मात्र रोज जायला लागली. विणकामाची पिशवी घरीच राहिली. तिच्या हातात आता जखमांना लावायचं औषध आणि पट्ट्या असायच्या, कारण खडी फोडणाऱ्यांची बोटं सारखी ठेचलेली असत. मग माझ्याबरोबर प्रयोगशाळेत कोण थांबणार? मी प्राचार्यांकडे गेले.

"मी दार उघडं ठेवीन," मी म्हणाले. "शिपायाला व्हरांड्यात बसवा पाहिजे तर. पण मला काम पुरं करायचंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दार उघडं ठेवा," ते म्हणाले.

द्रव शुद्ध करण्याचं काम मी तिथं पुन्हा केलं नाही. पुण्याला सरांच्या प्रयोगशाळेत जाऊन बेंझीन, टोल्युइन काढून आणलं. बाटल्यांना मेण लावलं, जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. शिरूरच्या पुढे शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थांनी विडी काढली.

"काका, तेवढी विडी ओढू नका."

"का? तरास व्हतो का?"

"मांडीवर आहे ते लगेच पेट घेतं."

त्यांनी गाठोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विडी कानामागे खोचली. मग उठून कंडक्टरच्या पलीकडे जाऊन उभेच राहिले. नगर येईपर्यंत बसले नाहीत.

एप्रिल उजाडला तसं नवीनच संकट आलं. माझं यंत्र पाणी तापवू शकत होतं, गार करू शकत नव्हतं. दुपारी खोलीतच हंडीचं पाणी छत्तीसवर जाई. तीस अंशांचं मोजमाप करायचं कसं? बर्फाच्या कारखान्याला पाणी नव्हतं, त्यामुळे बर्फ नव्हता. मग मी पहाटे जायला लागले. उजाडायच्या आधी खिडक्या उघडायच्या, हंडीतलं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं असायचं, आणि ऊन वर यायच्या आत जेवढं होईल तेवढं उरकायचं. त्या पहाटे मला आवडायला लागल्या होत्या असं म्हणवत नाही. पण हात कामात असला की डोक्यातला प्रश्न थोडा मागे सरकायचा. भिंतीपलीकडे चुली पेटायच्या. कधी सुनेचा खोकला ऐकू यायचा. तो ओळखायला लागले होते मी. तिचा खोकला बेंझीनमुळे नव्हता, खडीच्या धुळीमुळे होता, असं आत्या म्हणायची. तरी मी वेळ धरताना चुकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून करायचे.

एकदा सून स्वतःच खिडकीशी आली. हातात रिकामी कळशी होती.

"ताई, तुमी रोज काय बगता त्या नळीत?"

मी तिला आत बोलावलं. नळीत टोल्युइन वर ओढलं आणि सोडलं. ती खाली वाकून उतरत्या द्रवाकडे बघत राहिली. पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं.

"लई हळू उतरतंय," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, माज्याच पान्याचं काय बगताय."

"तेही बघितलं. त्यात मला काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं नसतं."

तिला ते कळलं की नाही मला ठाऊक नाही. तिनं माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. आत लाथ बसली, चांगली जोरात. "ह्यो बगा कसा हानतोय," ती म्हणाली. "ह्याला काय व्हायचं न्हाई." कळशी तशीच घेऊन ती गेली. त्या दिवशी मी एकही आकडा घेतला नाही.

मेच्या शेवटी मिशनच्या दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगी झाली. आत्या आत होती, मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. म्हातारी पायरीवर बसून मिश्री लावत होती. बाळाचं रडणं ऐकू आलं तशी म्हातारी उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी दाराकडे बघत होतो. आत्या बाहेर आली, हात पुसत म्हणाली, "सगळं नीट आहे. हातापायाची बोटं मोजलीत, डोळे बघितलेत. वजन कमी आहे, पण यंदा सगळ्यांचीच कमी आहेत."

म्हातारी म्हणाली, "मंग आता बसा की बाई जरा." मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. म्हातारीनं रडू दिलं.

जूनच्या सुरुवातीला मी तक्ते घेऊन पुण्याला गेले. सरांच्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती, कपाटं रिकामी दिसत होती. त्यांनी एक एक पान शांतपणे बघितलं. बेंझीन, टोल्युइन, अल्कोहोलं, त्यांची मिश्रणं. मग ते एका पानावर थांबले.

"हे काय आहे? नळाचं पाणी आणि पिंपातलं पाणी?"

मी ते पान काढून ठेवायला विसरले होते. मग सगळं सांगितलं.

"यातून काही कळणार नव्हतं," ते म्हणाले. "विरघळलेलं बेंझीन घनतेत दिसलं नसतं."

"माहीत होतं सर."

"मग चारही तापमानांना मोजलंत?"

"दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं."

त्यांनी ते पान बाकीच्या पानांतून काढलं, पण टाकलं नाही. घडी घालून टेबलावर बाजूला ठेवलं. मग बाकीच्या तक्त्यांवर सही केली, कागद माझ्याकडे सरकवले आणि विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"रडते फार, सर. रात्रभर कोणाला झोपू देत नाही."

"रडू दे," सर म्हणाले आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं.

पुढे दोन वर्षांनी मला पदवी मिळाली. ते आकडे एका नियतकालिकात छापून आले आणि माझ्या माहितीत ते फार कोणी वाचले नसावेत. पाऊस झाल्यावर पालं उठली, ती माणसं खर्ड्याकडे परत गेली. आत्या नंतर एकदा त्यांना भेटून आली. पोरगी रांगत होती म्हणाली, आणि मातीची ढेकळं खात होती. मीही जाणार होते. परीक्षा आल्या, मग दुसरं काही आलं. जायचं तसंच राहून गेलं.